खोडलेल्या एकतीस ओळी

एकोणीसशे एकसष्ट साली मी पस्तीस वर्षांचा होतो, सुखदेव, आणि तू तीसचा. हे आधी लिहून टाकतो, कारण परवा अमरावतीला, तू गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात जो माईकवर आला त्यानं वाटेल ते ठोकून दिलं. एकानं तुला रेडिओचा संशोधक केलं. दुसरा म्हणाला, सर लढाईत तारयंत्रावर होते. लढाईत मी होतो! तू तेव्हा पातूरला दप्तर घेऊन शाळेत जात होतास. मी खुर्चीतून मोठ्यानं म्हटलंसुद्धा, “ते नाही, मी होतो.” तर तुझ्या पोरीनं, सुजातानं, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “काका, जाऊ द्या ना.” ज्याला पाहावं त्याचं तेच. जाऊ द्या. मी जाऊ देणारा माणूस नाही हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

तिसऱ्यानं तर कहर केला. म्हणाला, “सरांचं उभ्या आयुष्यात कोणाशी वाकडं आलं नाही.” माझ्याशी आलं होतं की! एकसष्ट सालच्या एका सोमवारी आलं, ते अजून सरळ झालेलं नाही. आणि तू मधेच उठून निघून गेलास. झोपेत गेले, त्रास झाला नाही, भाग्यवान, असं लोक म्हणून राहिले होते. कसला भाग्यवान? भांडण अर्धं टाकून जाणाऱ्याला आमच्याकडं पळपुटा म्हणतात.

सुजाता तुझ्या आठवणींची पुस्तिका काढते आहे. मला म्हणाली, “काका, तुम्ही दोन पानं लिहा, पण चांगलं-चांगलं लिहा हं.” चांगलं-चांगलं मला येत नाही. झालं ते येतं. तू सांगायचास, गुलाब, बोलताना ‘मले-तुले’ चालते, लिहिताना ‘मला-तुला’ लिहावं. लिहितो बाप्पा. चौथी पास माणसाकडून जेवढं होईल तेवढं.

वाचणाऱ्यांना आपण दोघं कोण हे कळावं म्हणून थोडं सांगतो, तू कंटाळू नको. मी तेल्हाऱ्याकडचा. घरी काळी जमीन, पण मला औताचा कंटाळा. सतराव्या वर्षी, दुसरं महायुद्ध चालू असताना, पळून फौजेत गेलो. तिथं त्यांनी माझे कान तपासले आणि मला सिग्नलमध्ये टाकलं. मोर्सची कट्ट-कडकट्ट शिकवली. इंग्रजीची सव्वीस अक्षरं मला पाटीवर नाही, कानात आली. मिनिटाला पंचवीस शब्द मी लिहून घ्यायचो, सुवाच्य, मोठ्या अक्षरात, एक चूक नाही. फक्त काय लिहिलं ते मला कळायचं नाही. कानातून आलं की थेट हातात जायचं. साहेब म्हणायचे, हेच चांगलं, तुझ्याकडून गुपित फुटायचं नाही.

लढाई संपली, मी अकोल्याला कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर लागलो. तू अमरावतीच्या शाळेत सायन्सचा मास्तर. तू भंगार बाजारात लष्करी मालातले हेडफोन शोधायला अकोल्याला आला होतास, आणि चहाच्या हॉटेलात टेबलावर बोटानं मोर्स ठोकत बसला होतास. परीक्षेचा सराव. मी शेजारच्या बाकावरून म्हटलं, “मास्तर, तुमी दर खेपेले क्यू चुकून राहिले.” तू असं पाहिलंस, जसं टेबलच बोललं. मग म्हणालास, “मंग तुमीच ठोकून दाखवा.” मी दाखवलं. तुझा चहा थंड झाला.

त्या दिवसापासून महिन्यातून एक रविवार मी तुझ्याकडं. तू परीक्षा पास झालास, सरकारनं तुला घरून बिनतारी संदेश पाठवायचा परवाना दिला, आणि हवेत ओळखायला अक्षरांचं एक नाव दिलं. सेट तू स्वतः बांधलास, शाळेतून आल्यावर, दोन खोल्यांच्या घरात. कमलवहिनींच्या तांदळाच्या डब्यांच्या फळीवर तो बसला आणि डबे खाली आले. माझ्या घरच्यांनी तेल्हाऱ्याहून निरोप धाडला होता, गुलाब बौद्धाच्या घरी जेवतो म्हणतात, खरं काय? मी उलट निरोप धाडला, खरं हाये, आन् भाजी तुमच्यापेक्षा बरी अस्ते.

परवाना मात्र मला नव्हता. मोर्सची परीक्षा मी झोपेत दिली असती. पण तिच्यासोबत इंग्रजीत पेपर होता, आणि त्या पेपरासमोर मी दोनदा बसून कोरा उठलो होतो.

आता शर्यतीचं. वर्षातून एकदा दोन दिवस जगभरचे हौशी बिनतारीवाले आपापल्या घरून मोर्समध्ये एकमेकांना हाका मारायचे. आपल्या घड्याळानं शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू, सोमवारी पहाटे साडेपाचला बंद. जितक्या गाठी, जितके देश, तितके गुण. गाठ पडली की दोघांनी एकमेकांना आकडा द्यायचा. पहिल्या गाठीला एक, दुसरीला दोन, असा चढता. तो आकडा दोघांच्याही वहीत उतरला पाहिजे. मग साऱ्यांच्या वह्या टपालानं परदेशातल्या मंडळाकडं जायच्या आणि तिथं त्या ताडून पाहायचे. याच्या वहीत तो आहे, तर त्याच्या वहीत हा आहे काय? नसला तर ज्यानं लिहिलं त्याचीच ओळ कापायचे. वाचणाऱ्यानं हे नीट ध्यानात घ्यावं. आमचं सारं भांडण इथं आहे.

वाजवायचं तू, कारण परवाना तुझा. ऐकून वहीत लिहायचं मी, कारण कान माझा. लिहिणारा कोणीही चालतो, असं तू नियम वाचून सांगितलं होतंस.

शनिवार चांगला गेला. रविवारी दुपारी तुझ्या घरामागची रहीमभाईंची पिठाची गिरणी सुरू झाली. त्यांची मोटर फिरली की आपल्या हेडफोनात दगडं भरडल्यासारखा आवाज. मला समोरचं काही लागेना. रविवारचा दिवस, साऱ्या मोहल्ल्याचं दळण. वहिनी म्हणाल्या, “दोघंबी कानाले डबे लावून बसता. घरात मानूस मेलं तरी समजाचं नाही.” तू हेडफोन काढलास आणि रहीमभाईंच्या हातापाया पडायला गेलास. तिथं काय बोलणं झालं ते तूच मग सांगितलंस. ते म्हणाले, “मास्टर, इतवार को गिरणी बंद करूं? मोहल्ला तुम्हारा रेडिओ खाएगा क्या?” मग म्हणाले, “मोटर वैसे भी चिंगारी मारती है. तुम साफ कर दो. जब तक तुम करो, तब तक बंद.” आणि तू बसलास तिथं, मोटर उघडून, दोन तास. बाया डबे घेऊन रांगेत उभ्या, तुला शिव्या देत.

इकडं एकदम शांत झालं. असं शांत, सुखदेव, की मला वाटलं मी बहिरा झालो. आणि त्या शांततेत, बारीक पण स्वच्छ, कोणीतरी तुझं नाव घेऊन हाक मारत होतं. बल्गेरियाचा होता. एकदा मारली. थांबला. दुसऱ्यांदा मारली. थांबला. तिसऱ्यांदा.

तू मला आयुष्यभर विचारत राहिलास, “काहून हात लावला तू?” मी नीट उत्तर कधी दिलं नाही, रागानं दिलं नाही. आज देतो. कोणी दारात उभं राहून हाक मारून राहिलं, घरात माणूस आहे, त्याला ऐकू येऊन राहिलं, आणि ओ द्यायची नाही? हे कोणत्या परवान्यात लिहिलं आहे?

मी मोर्सची कळ ओढून घेतली आणि ओ दिली. आकडा एकशे अठ्ठ्याऐंशी.

बल्गेरियावाला गेला, तर त्याच्या मागं दुसरा उभा. त्याच्या मागं तिसरा. सारा युरोप त्या घडीला आपल्याकडं कान लावून बसला होता. पहिल्या चार-पाचांना मी तुझ्यासारखंच वाजवलं. तू शेवटचा डॅश लांबवायचास, फळ्यावर लिहिताना शेवटच्या अक्षराला शेपूट काढायचास तसा. तसाच मीही लांबवला. मग माझा हात मोकळा झाला. फौज सोडल्यापासून सोळा वर्षं त्या हातानं पाने आणि हातोडी धरली होती. तो विसरला नव्हता. मी घामानं भिजलो. वहिनींनी चहा ठेवला, तो पाहिलाही नाही.

फिनलंडचा एकजण होता. सकाळी तू त्याला दुसऱ्या पट्ट्यावर, म्हणजे वेगळ्या लहरींवर, गाठलं होतंस, त्याला तुझा हात ठाऊक होता. आकडे देऊन-घेऊन झाले आणि तो जाईना. त्यानं विचारलं, कळेवर कोण? तेवढे छोटे प्रश्न मला कळायचे. शर्यतीत एवढा वेळ कोणी घालवत नाही, पण त्यानं घालवला. मी काय सांगायचं? तुझं नाव सांगायचं होतं. मी माझं सांगितलं. जी, यू, एल, ए, बी. त्यानं ते परत वाजवून दाखवलं, आणि पुढं, हात झकास आहे, असं. माझं नाव फिनलंडहून वाजत तुझ्या तांदळाच्या फळीवर आलं. लोकांची नावं दगडावर कोरतात, पाटीवर रंगवतात. माझं त्या दिवशी वाजलं.

तू आलास तेव्हा मी दोनशे अठरावर होतो. तुझे हात काळे, कपाळाला पीठ. मी वही पुढं केली. “पाह्य! एकतीस! दोन तासांत एकतीस, अन् ब्राझीलबी हाये त्यात!”

मला वाटलं तू मिठी मारशील. खरंच वाटलं.

तू कापडानं हात पुसलेस. एकेक बोट पुसलंस. मग म्हणालास, “हे तू काय केलंस?”

चिडलास की तू शाळेतली मराठी बोलायचास. आपल्यातली भाषा काढून खुंटीला टांगायचास आणि पाहुण्यासारखा बोलायचास. मला तेव्हाच कळलं.

“हाक मारून राह्यले होते,” मी म्हटलं.

“परवाना कुणाचा आहे?”

“कोन पाह्यते इथं? तुया घरात?”

“मी पाहतो,” तू म्हणालास. “वहीच्या शेवटी मला सही करायची असते, की मी माझ्या देशाचे नियम पाळले. ती मी खोटी करू?”

“एवढ्याशा गोष्टीनं काय होते बे?”

तेव्हा तू हळू आवाजात बोललास, आणि ते आपल्या भाषेत बोललास. “गुलाब, तुया हातून चूक झाली तं लोक म्हनतीन गुलाब चुकला. माया हातून झाली तं काय म्हनतीन, तुले माईत हाये. पातूरले आमच्या घरात सरकारचा असा कागद पहिल्यांदा आला. तो गेला तं मले कोनी दुसऱ्यांदा देनार नाही.”

उत्तर नसलं की मला जास्त राग येतो, हेही तुला माहीत होतं.

गिरणी पुन्हा सुरू झाली होती, पण आता आवाज येत नव्हता. तू मोटर चांगली दुरुस्त केली होतीस. तू खुर्चीवर बसलास, कळेवर हात ठेवलास, आणि माझ्याकडं न पाहता विचारलंस, “पुढचा आकडा किती?”

“दोनशे एकोनीस.”

आणि तू दोनशे एकोणीस दिलास. इथं माझं म्हणणं ऐक. माझ्या गाठी तुला मान्य नव्हत्या, तर एकशे अठ्ठ्याऐंशीपासून सुरू करायचं होतं ना! माझ्या पायरीवर पाय देऊन वर चढलास आणि म्हणालास पायरी नव्हतीच.

सोमवारी पहाटे शर्यत संपली. तू शाळेतून रजा घेतली होतीस. दिवसभर आपण पक्की वही केली. माझं अक्षर चांगलं म्हणून मी लिहीत होतो. एकशे अठ्ठ्याऐंशी आलं तेव्हा मी थांबलो. तू म्हणालास, “लिही. मधले आकडे गाळता येत नाहीत. लिही, मी खोडतो.” मी एक ओळ लिहायचो, तू पट्टी ठेवून तिच्यावर लाल रेघ मारायचास. मी पुढची लिहायचो, तू मारायचास. एकतीस वेळा. फाडून टाकलं असतंस तर मी तुला एक थोबाडीत मारून मोकळा झालो असतो. पण तू ते इतकं नीट केलंस, एका मापाच्या रेघा, जसं कोणाला दुखू नये. फिनलंडच्या ओळीवर तुझी पट्टी जरा थांबली. मग तीही मारलीस.

तेव्हा मी बोललो, आणि ते मी अजून मागं घेत नाही. मी म्हटलं, “तुया खरेपनापायी एकतीस मानसं खोटी ठरतीन, सुखदेव. बल्गेरियावाल्याच्या वहीत तू हायेस. तुया वहीत तो कापला. तपासनारा काय म्हनन? याची कोनाशी गाठच पडली नाही, यानं मनानंच लिहिलं. त्याची ओळ कापतीन. त्या भल्या मानसानं काय केलं? त्यानं फकस्त हाक मारली, आन् त्याले ओ भेटली!”

तू पट्टी खाली ठेवलीस. मग शेवटचं पान ओढलंस आणि सहीच्या वर तुझ्या अक्षरात इंग्रजीत सात-आठ ओळी लिहिल्यास. मी विचारलं, “काय लिह्यलं?”

तू म्हणालास, “जे खरं आहे ते.”

शाळेतली मराठी. त्या चार शब्दांनी माझं डोकं फिरलं. मला अक्षरं दिसत होती. एकेक अक्षर मी वाजवून दाखवलं असतं. पण ती काय म्हणतात ते मला कळत नव्हतं. मला वाटलं, यानं माझा गुन्हा लिहून दिला. अमक्या माणसानं परवाना नसताना हात लावला, माझा दोष नाही. स्वतःचा कागद वाचवायला मला पुढं केलं. दुसरं काय लिहिणार होतास, असं मला वाटलं.

माझी गाडी संध्याकाळची. तू बडनेऱ्याच्या स्टेशनावर पोचवायला आलास. पाकीट बंद करून माझ्या हातात दिलंस. “उद्या अकोल्याच्या मोठ्या पोस्टात टाक. तिथून लवकर निघते.” दर साली मीच टाकायचो. गाडी हलली तेव्हा तू हात केलास. मी केला नाही.

सात-आठ महिन्यांनी शर्यतीचं निकालाचं पुस्तक आलं. त्यात तुझं नाव नव्हतं. खाली नव्हतं, वर नव्हतं, कुठंच नव्हतं. तू मंडळाला पत्र लिहिलंस. उत्तर आलं, तुमची वही आम्हाला मिळाली नाही. तू टपालखात्याला अर्ज केलेस. मी आलो की तू मला अर्जाच्या नकला दाखवायचास. “पाह्य गुलाब, दोनशे चौसष्ट गाठी. एकतीस गेल्या तरी दोनशे तेहतीस उरत होत्या. गेल्या पान्यात.” मी म्हणायचो, “टपालाचं काही खरं नाही.” आणि सुपारी कातरायचो.

मग बासष्टच्या दिवाळीनंतर तू एसटीनं अकोल्याला आलास, न कळवता. मी जिनच्या फाटकातून बाहेर आलो तर तू झाडाखाली उभा. शाळेच्या कपड्यात. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक कार्ड काढलंस. हौशी बिनतारीवाल्यांत रीत असते, गाठ पडली की मागाहून टपालानं एकमेकांना कार्ड पाठवायचं. फिनलंडचं होतं. वर तुझं हवेतलं नाव, आणि खाली निळ्या शाईत जी, यू, एल, ए, बी.

“तुयं हाये हे,” तू म्हणालास. “माया पत्त्यावर आलं, पन तुयं हाये.” ज्या नावाची तुला भीती होती, ज्यानं तुझा परवाना जाऊ शकला असता, ते कागदावर आलं होतं, आणि तू ते जाळलं नाहीस. एसटीत मांडीवर ठेवून माझ्याकडं आणलंस. त्याबद्दल मी तुला काही म्हटलं नाही. आज म्हणतो. फार मोठं केलंस, गड्या.

पण मग तू दुसरं बोललास. “वही पोचली असती तं या बिचाऱ्याची ओळ राह्यली असती. मी शेवटी लिह्यलं होतं ना.”

“काय लिह्यलं होतं?”

“तू म्हनला होता तेच. की खोडलेल्या एकतीस गाठी मी स्वतः केल्या नाहीत म्हून मी गुन घेत नाही, पन त्या खऱ्या हायेत, समोरच्यांची काही चूक नाही, त्यांचे पूरे गुन त्यांले द्या. भेव वाटलं होतं लिहाले. पन तुयं म्हननं बराबर होतं.”

मी झाडाला हात लावून उभा राहिलो. तू विचारलंस, “काय झालं?” मी म्हटलं, “ऊन लागलं.” कार्तिकात!

त्याच वेळी बोलायचं होतं. नाही बोललो. पुढं तू माझ्यासाठी पेपरचं सारं मराठीत लिहून काढलंस, दोन वह्या, आकृत्यांसकट. म्हणालास, आता तिसऱ्यांदा बस. मी म्हटलं, मी कोणाच्या इंग्रजी पेपरापुढं नाक घासणार नाही. तू मला हट्टी म्हणालास. हट्टी तर मी आहेच. पण ते कारण नव्हतं. तुझ्या शेजारी, माझं स्वतःचं नाव घेऊन, कोणत्या तोंडानं हवेत बोलणार होतो मी?

आणि म्हणूनच तुझ्यावर खरा राग कशाचा आहे ते आता लिहितो. गेल्या वर्षी मी आलो होतो. तू खाटेवर उशीला टेकून बसला होतास. बोलता बोलता, काही संबंध नसताना, खिडकीकडं पाहत म्हणालास, “टपाल इतकं हरवत नस्ते, गुलाब.” आणि लगेच सुजाताला हाक मारलीस, “काकाले चहा टाक वो, साखर कमी.”

म्हणजे तुला माहीत होतं. केव्हापासून? झाडाखाली माझं तोंड पाहिलंस तेव्हापासून? की पहिल्या अर्जापासूनच? मग ते अर्ज मला कायले दाखवत होतास? मी बोलावं म्हणून? आणि मी बोललो नाही तर तू मला शिव्या का नाही दिल्या? माझी कॉलर का नाही धरली? मी तुझ्या एकतीस रेघांवर पंचेचाळीस वर्षं तोंड वाजवत राहिलो, तुझ्या बायकोसमोर, तुझ्या पोरीसमोर, आणि तू आपला ऐकून घेत होतास, पुढ्यात चहा सरकवत होतास! माफ करायचा हक्क तुला कोणी दिला? मी मागितली होती माफी? मी कबूलच केलं नव्हतं, तर तू माफ काय केलंस? हे भांडणाच्या नियमात बसत नाही, सुखदेव. आधी समोरच्याच्या तोंडून गुन्हा ऐकायचा असतो, मग काय ते करायचं असतं. तू नियमाचा एवढा पक्का माणूस, आणि इथंच नियम मोडलास.

तर आता ऐक. तुझ्या पुस्तिकेत, तुझ्या पोरीच्या देखत, चारचौघांत सांगतो. मग माफ कर नाही तर नको करू.

तू पाकीट दिलंस त्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, मी आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि पाकीट घेऊन मोठ्या पोस्टात गेलो. टाकायलाच गेलो होतो. पेटीजवळ पोचलो आणि ते शेवटचं पान आठवलं. तिथं व्हरांड्यात अर्ज लिहिणारा एक म्हातारा बसायचा, इंग्रजी लिहायचा, वाचून दाखवायचा. पाकीट फोडून त्याच्यापुढं पान ठेवायचं, त्यानं दोन मिनिटांत सांगितलं असतं, आणि मी पुन्हा खळ लावून पेटीत टाकलं असतं. मी त्याच्यासमोर जाऊन उभाही राहिलो. त्याच्याभोवती चार-पाच माणसं होती, त्यात आमच्या जिनमधले दोघं. मी फौजेतला तारवाला, हे जिनमध्ये साऱ्यांना सांगून ठेवलेलं. म्हातारा म्हणाला, “बोला, काय वाचाचं हाये?” मला त्यांच्यादेखत म्हणावं लागलं असतं की मला इंग्रजी वाचता येत नाही. मी म्हटलं, “काही नाही, वेळ पाह्यत होतो.” तिथून निघालो तो सरळ कामावर गेलो. बॉयलर पेटलेला होता. झाकण उघडलं, पाकीट आत टाकलं, लाल रेघांसकट सारं जळेस्तोवर उभा राहिलो, झाकण लावलं, आणि तेलाची बुधली घेऊन इंजिनाला तेल घालायला लागलो.